तापणारा कॉम्प्युटर आणि लग्नाची कॅसेट

वडवणीच्या पेठेत वीरेश भांडेवाल्याचं दुकान कुणालाही विचारा, तो हात करून दाखवील आणि दाखवताना थोडा हसेलही. हसायचं कारण दुकान नव्हे, खुद्द वीरेश. माणूस सरळ, तोंडाचा गोड, व्यवहाराला चोख. पण कुठलीही वस्तू जशी आहे तशी त्याला बघवत नसे. तिच्यातून आणखी थोडं काही निघेल, अशी त्याची पक्की खात्री असायची. लुना घेतली आणि चार दिवसांत तिचा कार्बोरेटर खोलून बसला. लुना पळू लागली हे खरं, पण धूर एवढा सोडायची की मागून येणारा सायकलवाला खाली उतरून उभा राहायचा. टीव्हीचा अँटेना उंच करत करत त्यानं इतका वर नेला की एका वादळात तो शेजाऱ्याच्या पत्र्यावर जाऊन आडवा झाला. वीरेशचे वडील राजेश्वरअप्पा गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांना सांगायचे, "देवानं ह्याला घडवलं आन् खाली धाडताना हातात पाना दिला."

अप्पा गेले ते वीरेशच्या बहिणीच्या, शिवकन्येच्या लग्नानंतर दोन उन्हाळ्यांनी. त्यांचे फोटो घरात पुष्कळ होते. एक हार घालून भिंतीवर, एक देवघराशेजारी, दुकानाच्या उद्घाटनाचा एक. पण अप्पांचा आवाज म्हणून जगात जे काही उरलं होतं, ते शिवकन्येच्या लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटमध्ये. त्या कॅसेटमध्ये अप्पा मांडवभर फिरतात, आचाऱ्यावर डाफरतात, व्याह्यांना बळंच आणखी एक जिलबी वाढतात. अप्पांची आठवण आली की घरातले सगळे ती लावून बसायचे.

पुढे पुढे त्या चित्रात मुंग्या दिसू लागल्या. वीरेश कॅसेट घेऊन त्रिंबकाकडे गेला. लग्नाचं शूटिंग त्यानंच केलं होतं.

"त्रिंबकभाऊ, तुमच्याकडं मूळ कॅसेट असंल की. तिच्यावरून दुसरी करून द्या."

"मूळ कुठली ठेवता, शेठ? तिच्यावर पुढच्या लग्नसराईत कड्यांच्या घरचं लग्न घेतलं. तवा सगळेच तसं करायचो." त्रिंबकानं कॅसेट कानाशी धरून हलवली. "हीच एक हाय आता. लई झिजलीय. जितकी कमी चालवताल तितकी टिकंल. एखाद्या दिवशी तुटंल, मग माझ्याकडं येऊ नका."

वीरेश घरी आला तो ठरवूनच. कॅसेट कायमची कॉम्प्युटरात घ्यायची आणि सीडी करायची. सीडी झिजत नाही, असं त्या काळी सगळेच म्हणत.

कॉम्प्युटर घरात होता. गावात एसटीडीचे बूथ झाले, केबल आली, मग ज्याच्या त्याच्या तोंडी कॉम्प्युटर आला. वीरेशनं बीडहून जुने भाग गोळा करून एक जुळवून आणला होता. सांगायला दुकानाच्या हिशेबासाठी. हिशेब त्यावर एकदाही झाला नाही, पण बायको ईश्वरीनं त्याला झालरीचं, मोर काढलेलं कव्हर मात्र शिवलं. आता वीरेशनं त्यात व्हिडिओ घेण्याचं कार्ड बसवलं, व्हीसीआरची वायर जोडली आणि कॅसेट लावली.

चित्र आलं, पण उड्या मारत आलं. अप्पा अक्षता टाकायला हात उचलायचे, आणि दुसऱ्याच क्षणी हात खाली गेलेला असायचा. मधलं सगळं गायब. दुसऱ्या दिवशी बीडच्या दुकानदारानं कारण सांगितलं. प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचं डोकं, तीनशे मेगाहर्ट्झ वेगाचा, चित्रं येतात भराभर, त्याला ती पेलत नाहीत. नवा प्रोसेसर घ्यावा लागेल. मग इकडेतिकडे बघत त्यानं आणखी एक गोष्ट सांगितली. ह्याच तीनशेच्या प्रोसेसरला काही लोक साडेचारशेवर पळवतात. मदरबोर्डवरची एक बारकी पिन इकडची तिकडे करायची. चाललं तर चाललं, नाहीतर तापून बसतं. कंपनी असं करायला सांगत नाही आणि मीही सांगितलं नाही म्हणायचं.

ऐकून वीरेशला आपल्या जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. एवढी वर्षं तो जे लुनाशी, पंख्याशी, कुकरशी करत आला होता, ते करणारी माणसं जगात होती. त्या धंद्याला ओव्हरक्लॉकिंग असं भारदस्त नावही होतं. परतीच्या एसटीत तो एकटाच हसत होता.

घरी येऊन त्यानं पिन हलवली. कॉम्प्युटर सुरू झाला, पडद्यावर साडेचारशेचा आकडा आला. वीरेशनं ईश्वरीला बोलावून तो दाखवला. ती बघायला वाकली आणि पडदा निळा होऊन सगळं बंद पडलं.

तिथून जे सुरू झालं ते सगळा उन्हाळा पुरलं. दिवस वैशाखाचे. दुपारी दुकानातली पितळी घागर बाहेर ठेवली तर हात लावता येत नसे. अशात प्रोसेसरला दीडपट पळवायचं म्हणजे भर उन्हात म्हाताऱ्याला शर्यतीला उभं करण्यासारखं. पण एवढं कळलं असतं तर तो वीरेश कसला. घोडं कुठं पेंड खातंय ते शोधायला तो रोज दुपारी दुकान गड्यावर सोपवून घरी यायचा, पेटी उघडायचा आणि आत डोकं घालायचा. भारनियमनात वीज गेली की चरफडत बाहेर येऊन बसायचा.

आधी सापडलं ते ईश्वरीचं मोराचं कव्हर. पेटीच्या मागची जाळी त्यानं झाकून टाकली होती, आतली गरम हवा आतच फिरत होती.

"मी धुळीसाठी घातलंतं," ईश्वरी म्हणाली.

"धूळ न्हाई गेली, पण हवाबी न्हाई गेली," वीरेश म्हणाला आणि कव्हर काढून त्यानं टीव्हीला घातलं. कॉम्प्युटर भिंतीतल्या कपाटातून काढून दाराजवळ मोकळ्यावर मांडला. थोडा फरक पडला.

मग प्रोसेसरवरचा ॲल्युमिनियमचा ठोकळा निघाला. हा ठोकळा प्रोसेसरची उष्णता ओढून घेतो आणि वरचा पंखा ती उडवून लावतो. ठोकळा आणि प्रोसेसर ह्यांच्या मध्ये पांढरा मलम लागतो, तो वाळून खपली झाली होती. वीरेशनं नवा मलम आणला आणि पुरणपोळीवर तूप सोडावं तसा सढळ हातानं थापला. कॉम्प्युटर पहिल्यापेक्षा जास्त तापला. बीडला फोन लावला तेव्हा दुकानदार हसला. मलम दोन धातूंमधली बारीक फट बुजवण्यापुरताच लावायचा असतो, जाड लावला की तोच उष्णता अडवतो. वीरेशनं सगळं पुसून हळद-कुंकवाच्या बोटाइतकाच लावला. तापमानाचा आकडा बराच उतरला.

तेवढ्यावर थांबेल तर शपथ. भांड्याच्या दुकानदाराला तांब्याचा मोह सुटत नाही. तांबं उष्णता लवकर ओढतं हे त्याला माहीत, म्हणून त्यानं तांब्याच्या पत्र्याचा चौकोन कापून, चिंचेनं घासून, मध्ये बसवला. पत्रा कापताना कडेला जराशी बाक आली होती. मध्ये हवा राहिली आणि कॉम्प्युटर सुरू होताच बंद पडला. पत्रा निघाला. मग त्यानं पाण्याचा कूलर ओढून उघड्या पेटीसमोर लावला. हवा गार लागली, पण बोर्डावर बारीक थेंब दिसू लागले, आणि ते सुकले तिथं खाऱ्या पाण्याचे पांढरे ठिपके पडले. आई उंबऱ्यात शेंगा फोडत बसली होती.

"आंघूळ घालतोस का त्येला?" तिनं विचारलं.

वीरेशनं कूलर मुकाट्यानं जागेवर नेला. शेवटी दोन जास्तीचे पंखे पेटीत बसवले, एक हवा आत घेणारा, एक बाहेर टाकणारा. प्रोसेसरला जाणारी वीज अगदी किंचित वाढवली. त्या दिवशी कॉम्प्युटर दुपारपासून दिवेलागणीपर्यंत साडेचारशेवर चालला. त्याच्यावर गेम चालवला, गणितं चालवली, तापमानाचा आकडा जागचा हलला नाही. वीरेशनं पेढे आणले.

आणि दुसऱ्या दिवशी कॅसेट लावली, तर कॉम्प्युटर गोठला.

चित्र आता उड्या मारत नव्हतं. वरात आली, सीमांतपूजन झालं, अक्षता पडल्या, सगळं झुळझुळीत. आणि मग एकदम थांबलं. वीरेशनं सगळं बंद करून गार होऊ दिलं, पुन्हा पहिल्यापासून लावलं. तितकाच वेळ गेला आणि थांबलं. त्याच्या हिशेबानं ह्यात नवल नव्हतं. व्हिडिओ घेताना प्रोसेसरला सगळ्यात जास्त राबावं लागतं; राबता राबता ठरावीक वेळानं तो तापणारच. प्रत्येक वेळी सारखाच वेळ लागतो ह्यातच तापण्याचा पुरावा आहे, असं त्यानं ईश्वरीला समजावूनही सांगितलं. प्रोसेसरवरचा भार हलका व्हावा म्हणून त्यानं आवाज ऐकवणं बंद केलं, स्पीकरची वायरच उपसून ठेवली. पंख्यांची दिशा बदलली. पुन्हा लावलं, पुन्हा थांबलं. कॅसेट कोपऱ्यात मुकी फिरायची आणि वीरेशचे डोळे तापमानाच्या आकड्यावर.

दर वेळी त्रिंबकाचं बोलणं त्याच्या कानात असायचंच. जितकी चालवू तितकी झिजणार. कॅसेट लावायच्या आधी आता तो ती हातात घेऊन नुसता उभा राहायचा. आपण अप्पांना वाचवतोय की पुसतोय, हे त्याचं त्यालाच कळेनासं झालं. जेवणावरून त्याचं मन उडालं. लुनाची खोड अंगाशी आली तर हसून सोडता येतं, ही खोड अंगाशी आली तर अप्पांचा आवाज जाणार होता.

अशाच एका दुपारी तो पेचकस हातात धरून नुसता बसला होता. आई आत आली, पदराशी चाळा करत उभी राहिली.

"वीरेश, ते तापल्यामुळं थांबत न्हाई रे."

"तुला काय कळतंय आई त्यातलं," वीरेश म्हणाला. आवाज नको तितका चढला होता. आई आत गेली.

ईश्वरीनं ते ऐकलं. तिनं चहा आणून ठेवला आणि तिथंच बसली. सासूला ती आत्या म्हणायची. "आत्या काय सांगतात ते ऐका की जरा."

"तिला कसं कळणार ईश..." तो थांबला. घरात तो तिला नावानं कधी हाक मारत नसे, ए किंवा ऐक गं. "ऐक गं, तिला कसं कळणार?"

"कळतंय त्येंना. तुमी दुकानात असताव, मी घरात असते." ईश्वरीनं आतल्या खोलीकडं बघितलं. "आत्या, सांगून टाका. किती दिवस मनात ठेवताव?"

आई, गंगासागर तिचं नाव, पुन्हा दारात आली. पण बोलली ती भिंतीकडं बघून.

"ते दर बारीला एकाच जाग्याला थांबतंय. सगळ्यांचा फोटो काढायला उभं करतेत ना, तिथं. तिथली पट्टी मीच झिजवलीय."

वीरेशला काही उमगेना. मग आईनं सांगितलं ते असं. लग्नात सगळं घर नवरा-नवरीच्या बाजूनं उभं केलं होतं. त्रिंबक कॅमेरा घेऊन समोर. सगळे आले, आई मागंच राहिली. तेव्हा अप्पांनी वळून तिला हाक मारली. नावानं. लग्न झाल्यापासून अप्पांनी तिला 'अगं' म्हटलं, 'ऐकलं का' म्हटलं, पोरं झाल्यावर 'वीरेशची आई' म्हटलं. घरात सासू-सासरे, वाड्यात दीर-जावा. बायकोचं नाव घ्यायची रीतच नव्हती, आणि पुढं रीत सुटली तरी जीभ वळत नव्हती. त्या दिवशी भरल्या मांडवात ते नाव घेऊन म्हणाले, तू पण ये.

"आन् मी गेले न्हाई," आई म्हणाली. "बायका हसायल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पदर तोंडाला लावला आन् मागं सैपाकाकडं पळाले. परत कधी त्येंनी नावानं हाक मारली न्हाई."



"मग ते गेल्यावर दुपारी मी तेवढंच लावायचे. थोडं मागं घ्यायचं, ऐकायचं. परत मागं. तुला कसं सांगू? पोराला सांगायची गोष्ट हाय का ती?"

वीरेशनं खाली मान घातली. दिवसभर दुकानात बसून तो बायाबापड्यांची नावं ताटावाट्यांवर कोरायचा. आईचं नाव अप्पांच्या तोंडून आलेलं त्याला आठवत नव्हतं. आणि ते कॅसेटमध्ये होतं, घरात सगळे मिळून बघताना गप्पांच्या गलक्यात त्याच्या कानावरून गेलेलं; ह्या उन्हाळ्यात त्यानं स्वतःच्या हातानं ते किती वेळा फिरवलं होतं. पण स्पीकरची वायर उपसलेली. बापाला समोर चालवून त्यानं त्याचा एक शब्द ऐकला नव्हता, आकडे वाचले होते. त्याला स्वतःची फार लाज वाटली, आणि आईला आपण काय बोललो तेही आठवलं.

"आई, मगाशी चुकलं माझं," तो म्हणाला.

"असू दे. आता बघ ते."

त्यानं त्या जागेच्या अलीकडचं लग्न आधी घेतलं, मग कॅसेट पुढं ढकलून ती जागा मागं टाकली आणि तिथून पुढचं लग्न लावलं. साडेचारशेवर पाठवणीपर्यंतचं सगळं न थांबता कॉम्प्युटरात उतरलं. तापण्याचा रोग होता हे खरं, तो कधीच बरा झाला होता. गेले कित्येक दिवस वीरेश बऱ्या झालेल्या रोग्याला औषध पाजत होता. त्यानं कॅसेट बाहेर काढून वरची झाकणी उचलली, पट्टी हातानं पुढं घेतली. त्या जागी ती चुरगळली होती, कडेला दुमडली होती. तिथं आलं की चित्र फाटायचं, आणि फाटकं चित्र कॉम्प्युटरला ओळखता न आल्यानं तो गोठायचा.

ती जागा फार तर आणखी एकदा निघाली असती. वीरेशनं आईला समोर बसवून सगळं सांगितलं. चित्र धरायचा हट्ट केला तर कॉम्प्युटर पुन्हा गोठेल, कदाचित पट्टीही तुटेल, मग काहीच हाती लागणार नाही. चित्र सोडून नुसता आवाज घेतला तर कॉम्प्युटर थांबायचा नाही, आवाजाला फाटकं चित्र आड येत नाही. पण मग तिथं अप्पा दिसणार नाहीत.

आईनं विचार करायला वेळ घेतला नाही. "त्येंचं तोंड मला ध्यानात हाय. डोळे मिटले की दिसतंय. आवाज ध्यानात राहत न्हाई रे. रोज ऐकला तरी दुसऱ्या दिवशी न्हाई."

वीरेशनं आधी लग्नातल्या दुसऱ्याच जागेवर आवाज घेऊन पाहिला. वाजंत्रीच्या मागं घुर्र असा सूर येत होता. कान देऊन ऐकलं तेव्हा कळलं, तो त्यानंच जोडलेल्या जास्तीच्या पंख्यांचा, वायरीतून आत शिरलेला. त्यानं दोन्ही पंखे काढले. पंखे काढल्यावर साडेचारशे झेपणार नव्हतं, आणि नुसत्या आवाजाला ते लागतही नव्हतं. त्यानं वाढवलेली वीज कमी केली, पिन पहिल्या जागी बसवली. कॉम्प्युटर तीनशेवर आला आणि खोलीत शांत वाटलं. ह्या माणसानं उभ्या आयुष्यात एखादी वस्तू जशी होती तशी करून ठेवली, ती ही पहिली. 

मग कॅसेट लावली.  आवाजाची वायर कॉम्प्युटरला लावलेली, टीव्हीवर नुसतं चित्र आलं, फाटलं, पांढरं झालं. व्हीसीआरनं कुरकुर केली. कॉम्प्युटरच्या पडद्यावर आवाजाची हिरवी रेघ थरथरत पुढं जात राहिली. ती जागा निघून गेली, पुढची थोडी पट्टीही गेली, आणि मग आत टच्च असा आवाज होऊन व्हीसीआर रिकामा फिरू लागला. पट्टी तुटली होती. वीरेशनं तिकडं बघितलंसुद्धा नाही. त्यानं आवाज साठवला, साठला का ते पुन्हा पाहिलं, स्पीकरची वायर परत जोडली आणि खुर्ची सोडून बाजूला झाला.

आई उंबऱ्यात बसली होती. आधी सनई ऐकू आली, मग पोरांचा गलका, त्रिंबक कुणाला तरी जरा सरका म्हणाला. आणि अप्पा बोलले. आवाज खरखरीत होता, थोडा दमलेला, पण त्यांचाच.

"गंगासागर, तू बी ये की हिकडं."

आई उठली. डोक्यावरचा पदर तिनं नीट केला, खोली ओलांडून आली आणि काळ्या पडद्यासमोरच्या खुर्चीत बसली.